अभिजात नाटके आणि चित्रकथा

शाळा-महाविद्यालयांत अभ्यासली जाणारी अभिजात नाटके आणि चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणारे वाङ्मय यांचा संबंध हा नाट्याभ्यास व बालवाङ्मय या दोन्ही क्षेत्रांशी निगडित असलेला विषय आहे. महाराष्ट्रात हा संबंध प्रामुख्याने कालिदास, शूद्रक व विशाखदत्त यांच्या संस्कृत नाटकांवर आधारलेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेतील अंकांतून दिसतो. जपानमध्ये तो 'मांगा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांमधील शेक्सपिअरच्या व जपानी पारंपरिक नाटकांच्या संदर्भांतून दिसतो. या दोन परंपरांत एक महत्त्वाचा भेद आहे. भारतीय चित्रकथेने नाटकातून मुख्यतः कथानक घेतले. मांगाने कथानकाबरोबरच नट, तालीम, भूमिका आणि प्रयोग यांनाही आपला विषय केले. त्यामुळे एकीकडे वाचकाला नाटकातील गोष्ट कळते, तर दुसरीकडे नाटक करणे म्हणजे काय याचीही ओळख होते.

संज्ञा

'चित्रकथा' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. चित्रे दाखवून कथा गाऊन सांगण्याची लोककला हा त्याचा जुना अर्थ होय. छापील चौकटी, पात्रांच्या तोंडाजवळचे संवादाचे फुगे आणि चौकटीच्या कडेचे निवेदन यांतून उलगडणारी गोष्ट हा त्याचा आधुनिक अर्थ होय. 'मांगा' ही जपानी संज्ञा होकुसाई या चित्रकाराच्या १८१४ पासून प्रसिद्ध झालेल्या रेखाचित्रसंग्रहांमुळे विशेष परिचित झाली. विसाव्या शतकात ती छापील चित्रकथांसाठी रूढ झाली. मूळ मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो.

'अभिजात नाटक' या शब्दाने येथे ज्या नाटकांना पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक्रमांत व रंगभूमीवर स्थान मिळत आले आहे, अशी नाटके अभिप्रेत आहेत.

शाळेतील नाटक

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षण सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांपुढे दोन नाट्यपरंपरा एकाच वेळी आल्या : संस्कृत आणि इंग्रजी. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर संस्कृत नाटके परीक्षेचा विषय झाली. पुढे मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या सटीप आवृत्त्या अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती होत्या. शेक्सपिअरची नाटकेही याच वर्गांतून मराठी तरुणांपर्यंत पोहोचली.

संस्कृत नाटके मराठीत आणण्याचे काम परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी केले. 'नवनीत' (१८५४) या संग्रहातून बारामतीकर मोरोपंतांसह जुन्या मराठी कवींचे काव्य शाळांत पोहोचवणारे गोडबोले आणि 'वेणीसंहार', 'उत्तररामचरित', 'शाकुंतल', 'मृच्छकटिक' या नाटकांची मराठी भाषांतरे करणारे गोडबोले एकच होत. पाठ्यपुस्तक आणि रंगभूमी यांचा मराठीतील संबंध इतका जुना आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. येथून मराठी संगीत रंगभूमीचा प्रवाह सुरू झाला असे मानले जाते. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'मृच्छकटिक' १८८७ मधील आहे. जे नाटक वर्गात शब्दार्थ व व्याकरण यांच्या साहाय्याने शिकायचे, तेच नाटक रात्री पदांसह ऐकायचे, असा अनुभव त्या काळातील शहरी विद्यार्थ्याला मिळू शकत होता. पुढे संगीत नाटकाचे प्रयोग कमी झाले. त्यानंतर पाठ्यपुस्तकातील नाट्यउतारा आणि स्नेहसंमेलनातील एखादा प्रवेश एवढाच अभिजात नाटकाशी बहुतेक विद्यार्थ्यांचा परिचय उरला. या उतरत्या काळात चित्रकथा मुलांच्या हाती आली.

चित्रपरंपरा : चित्रकथी ते रविवर्मा

छापील चित्रकथेच्या आधीही महाराष्ट्रात चित्रांतून कथा सांगितली जात होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी ही कला जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरली जातात आणि कथेकरी वाद्यांच्या साथीने ती कथा गातो. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. चित्रकथीमध्ये चित्र स्थिर असते, परंतु आवाज जिवंत असतो. एकच कलावंत अनेक पात्रांचे बोलणे बोलतो. या दृष्टीने चित्रकथी ही नाटक आणि छापील चित्रकथा यांच्या मध्ये उभी आहे.

दुसरा प्रवाह राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा आहे. कालिदासाची शकुंतला हा त्यांचा आवडता विषय होता. कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला आणि पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला ही त्यांची चित्रे सर्वपरिचित आहेत. काट्याचा प्रसंग नाटकात एखाद्या रंगसूचनेएवढाच आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी राजाला पुन्हा एकदा पाहता यावे, म्हणून शकुंतला पायात दर्भाचे टोक रुतल्याचे आणि वल्कल फांदीत अडकल्याचे निमित्त करते. रंगभूमीवर काही क्षणांत संपणारी ही हालचाल चित्राने कायमची थांबवून ठेवली.

रविवर्मा यांचा शिळामुद्रणालयाचा उद्योग १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे सुरू झाला आणि तेथे छापलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. पुढे हे मुद्रणालय पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आले. या छापील चित्रांमुळे पौराणिक व नाट्यगत पात्रांचे चेहरे, वेश आणि दागिने घरोघरी ठरून गेले. पुढील काळातील चित्रकथांच्या रेखाटनावर या चित्रशैलीचा ठसा दिसतो.

अमर चित्र कथा आणि संस्कृत नाटके

'अमर चित्र कथा' ही मालिका अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊस या प्रकाशनसंस्थेमार्फत मुंबईतून सुरू केली. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ अर्थात 'बालभारती' याच वर्षी स्थापन झाले. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथांविषयीचे उत्तर देता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून ही कल्पना सुचल्याचे पै सांगत असत. त्यापूर्वी ते 'इंद्रजाल कॉमिक्स' या मालिकेशी संबंधित होते. त्या मालिकेतील वेताळ हे पात्र मराठी वाचकांनाही परिचित होते.

'अमर चित्र कथा'चे आरंभीचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. भारतीय विषयांची सुरुवात अकराव्या क्रमांकाच्या 'कृष्ण' या अंकापासून झाली आणि लगेच बाराव्या क्रमांकावर 'शकुंतला' आली. पुढे 'वसंतसेना', 'मालविका', 'रत्नावली', 'चाणक्य' असे संस्कृत नाटकांवर आधारलेले इतर अंकही निघाले. इंग्रजीबरोबरच मराठी व इतर भारतीय भाषांतही ही मालिका प्रसिद्ध झाली. प्रताप मुळीक, राम वाईरकर अशा चित्रकारांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता.

या अंकांच्या शीर्षकांतच रूपांतराची दिशा दिसते. तीन प्रसिद्ध संस्कृत नाटकांची नावे वस्तूंवरून आलेली आहेत. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण, अर्थात अंगठी. 'मृच्छकटिक' म्हणजे मातीची गाडी. 'मुद्राराक्षस' या नावात राक्षस या अमात्याची मुद्रांकित अंगठी आहे. चित्रकथांनी मात्र ही नावे सोडून 'शकुंतला', 'वसंतसेना' आणि 'चाणक्य' अशी व्यक्तिनामे घेतली. नाटककारांनी ज्या वस्तूभोवती प्रसंगांची गुंफण केली, ती वस्तू मागे गेली आणि व्यक्तीचे चरित्र पुढे आले. थोर स्त्री-पुरुषांची ओळख करून देणाऱ्या मालिकेला हे अनुरूप होते.

शाकुंतल

'अभिज्ञानशाकुंतल' हे सात अंकी नाटक आहे. त्याचे मूळ महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात आहे. त्या कथेत अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या सभेत येते. राजाला सर्व आठवत असूनही तो लोकापवादाच्या भयाने तिला नाकारतो. शकुंतला भर सभेत त्याच्याशी दीर्घ वाद घालते आणि शेवटी आकाशवाणीमुळे सत्य मान्य केले जाते. कालिदासाने शाप आणि अंगठी यांची योजना करून राजाला विस्मृतीच्या आड ठेवले. राजाचा दोष हलका झाला आणि वियोगाचे दुःख दोघांच्याही वाट्याला आले.

शापाच्या प्रसंगाची नाट्यरचना सूक्ष्म आहे. चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वासांचा शाप पडद्यामागून ऐकू येतो. तो अनसूया आणि प्रियंवदा या सख्यांना कळतो, प्रेक्षकांना कळतो, पण दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला कळत नाही. पाचव्या अंकात ती राजसभेत उभी राहते तेव्हा प्रेक्षक तिच्यापेक्षा अधिक जाणत असतो. प्रसंगातील वेदना यामुळेच तीव्र होते. चित्रकथेत क्रुद्ध ऋषी चौकटीत समोर दाखवणे सोयीचे असते. कानांनी कळणारी गोष्ट अशा वेळी डोळ्यांना दिसते, आणि पडद्यामागच्या आवाजाने निर्माण होणारा ताण राहत नाही.

चौथा अंक हा संस्कृतच्या विद्यार्थ्यांना विशेष परिचित असलेला भाग आहे. शकुंतला सासरी निघते. कण्व तिला निरोप देतात. तिने वाढवलेले हरिणाचे पाडस तिचे वस्त्र मागून ओढते. पाडसाचे चित्र सहज काढता येते. मुलगी परक्याच्या घरी जाताना विरक्त ऋषीलाही का गहिवरून यावे, हा कण्वांच्या मनातील विचार मात्र श्लोकांत आहे, आणि श्लोक फुग्यात मावत नाहीत.

सहाव्या अंकाच्या आरंभीचा धीवराचा प्रवेश नाटकाच्या सामाजिक बाजूसाठी महत्त्वाचा आहे. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेल्या कोळ्याला रक्षक चोर समजून मारहाण करतात, त्याच्या व्यवसायाची टर उडवतात. तो मात्र आपल्या जन्मप्राप्त कामाची लाज बाळगत नाही. राजाकडून बक्षीस मिळताच तेच रक्षक त्याचे मित्र होतात, तो त्यांना आपल्या बक्षिसाचा अर्धा वाटा देतो आणि सारे मद्याच्या दुकानाकडे वळतात. कथानकासाठी 'अंगठी सापडली' एवढीच माहिती पुरेशी असते. त्यामुळे संक्षेपात असा प्रवेश प्रथम आटोपला जातो आणि राजसत्ता सामान्य माणसाशी कशी वागते याचे चित्र त्याबरोबर नाहीसे होते.

चित्रकला आणि नाटक यांचा संबंध खुद्द कालिदासानेच याच अंकात हाताळला आहे. स्मृती परत आलेला दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो आणि चित्रातील भुंग्याला खरा समजून रागावतो. विदूषकाने भानावर आणल्यावर त्याचा आनंद मावळतो. चित्र गेलेली व्यक्ती डोळ्यांपुढे आणते, परंतु ती बोलू शकत नाही, ही चित्राची शक्ती आणि मर्यादा या प्रवेशात एकत्र आली आहे.

मृच्छकटिक

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' हे दहा अंकी प्रकरण आहे. दारिद्र्यात सापडलेला चारुदत्त आणि गणिका वसंतसेना यांच्या प्रेमकथेत जुगारी, चोर, भिक्षू, गाडीवान आणि राजाचा उन्मत्त मेहुणा शकार अशी नगरातील नाना तऱ्हेची माणसे वावरतात. शर्विलक हा ब्राह्मण चोर भिंतीला कोणत्या आकाराचे भोक पाडावे याचा शास्त्रशुद्ध विचार करतो आणि मोजमापासाठी जानव्याचा उपयोग करतो. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी म्हणून रडतो. वसंतसेना आपले दागिने काढून त्याच्या मातीच्या गाडीत ठेवते. हेच दागिने पुढे चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि त्याला वधस्तंभापर्यंत नेतात.

अशा घटनाबहुल नाटकाला चित्रकथेचे माध्यम मानवते. भाषेचे वैविध्य मात्र तिला पेलत नाही. या नाटकात पात्रे आपापल्या दर्जाप्रमाणे संस्कृत व निरनिराळ्या प्राकृत भाषा बोलतात. शकाराच्या बोलण्यात 'स'च्या जागी 'श' येतो आणि पौराणिक दाखल्यांचा तो हास्यास्पद घोटाळा करतो. मराठीतील एकसारख्या प्रमाणभाषेत हे सारे भेद पुसले जातात. 'शाकुंतला'तही स्त्रिया आणि धीवर प्राकृत बोलतात. मराठीचे पूर्वरूप मानली जाणारी महाराष्ट्री प्राकृत संस्कृत नाटकांतील गीतांसाठी वापरली जात असे, ही गोष्ट त्यामुळे मराठी वाचकाच्याही लक्षात येत नाही.

मुद्राराक्षस

विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे सात अंकी राजकीय नाटक आहे. त्यात प्रेमकथा नाही. नंदांचा निष्ठावंत अमात्य राक्षस याला ठार न करता चंद्रगुप्ताच्या सेवेत आणणे हे चाणक्याचे उद्दिष्ट आहे. हाती आलेली राक्षसाची मुद्रा आणि तिने मुद्रांकित केलेले एक फसवे पत्र यांच्या बळावर तो प्रतिपक्षात फूट पाडतो. मित्र चंदनदास याचे प्राण वाचवण्यासाठी राक्षस शेवटी शरण येतो. राक्षस हरतो तो मैत्रीच्या निष्ठेपायी. मुत्सद्देगिरी आणि निष्ठा यांपैकी अधिक मोठे काय, हा प्रश्न नाटक प्रेक्षकांवर सोडते. 'चाणक्य' या नावाखाली कथा सांगितली की सहानुभूतीचे केंद्र आपोआप विजेत्याकडे सरकते.

रूपांतरात होणारे बदल

नाटकाचे चित्रकथेत रूपांतर होताना पुढील बदल सामान्यतः आढळतात.

पहिला बदल विस्ताराचा. 'अमर चित्र कथे'चा नेहमीचा अंक ३२ पानांचा असे. सात किंवा दहा अंकांचे नाटक एवढ्या पानांत बसवताना घटना राहतात, चिंतन गळते.

दुसरा बदल निवेदकाचा. नाटकात सूत्रधार आरंभी येऊन जातो आणि नंतर पात्रेच बोलतात. चित्रकथेत प्रत्येक पानावर निवेदनाच्या पट्ट्या असतात. पात्राच्या वागण्याचा अर्थ प्रेक्षकाने लावायचा, ही नाटकाची अपेक्षा निवेदनामुळे शिथिल होते.

तिसरा बदल काळाचा. प्रयोगाचा वेग नट ठरवतो. चित्रकथेचा वेग वाचक ठरवतो. आवडलेल्या चौकटीपाशी थांबता येते, मागे जाता येते. हा चित्रकथेचा खास लाभ आहे.

चौथा बदल प्रतिमेचा. रंगभूमीवर एकच शकुंतला अनेक नट साकारतात. १९०५ मध्ये बालगंधर्वांनी शकुंतलेच्या भूमिकेतून किर्लोस्कर नाटक मंडळीत पदार्पण केले. पुढे १९४३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात जयश्री यांनी ती साकारली. प्रत्येक शकुंतला वेगळी होती. चित्रकथेतील शकुंतला मात्र हजारो प्रतींतून एकच राहते आणि बालवाचकाच्या मनात पक्की होते. 'अमर चित्र कथे'त नायक-नायिका गौरवर्ण आणि दुष्ट पात्रे काळी-सावळी रंगवली जातात, तसेच स्त्रीपात्रे सोशिक व आज्ञाधारक दाखवली जातात, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात शकुंतला राजाला 'अनार्य' म्हणते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

शेक्सपिअर : मराठी आणि जपानी स्वीकार

महाराष्ट्र आणि जपान येथे शेक्सपिअरचा स्वीकार जवळजवळ एकाच काळात झाला. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो' १८६७ मध्ये आले. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) केले, तर देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' (१८९०) लिहिले. जपानमध्ये त्सुबोउची शोयो यांनी 'ज्युलिअस सीझर'चा अनुवाद १८८४ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८८५ मध्ये ओसाका येथे 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चे काबुकी रूपांतर रंगभूमीवर आले. त्सुबोउची यांनी १९२८ पर्यंत शेक्सपिअरच्या सर्व नाटकांचे अनुवाद पूर्ण केले.

दोन्हीकडील रूपांतरकारांनी परक्या पात्रांना देशी नावे आणि देशी वेश दिले. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, ऑथेल्लोचा झुंझारराव झाला. मराठीत ही प्रथा रंगभूमीपुरती राहिली; जपानमध्ये तीच प्रवृत्ती पुढे मांगामध्ये उतरली.

मांगामधील नाटके

मांगामध्ये अभिजात नाटक तीन प्रकारे येते.

पहिला प्रकार सरळ रूपांतराचा आहे. ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यांनी शालेय वयाच्या वाचकांसाठी १९५९ मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ची चित्रकथा केली. ईस्ट प्रेस या प्रकाशनसंस्थेने २००७ पासून काढलेल्या 'मांगा दे दोकुहा' या मालिकेत 'हॅम्लेट' व 'किंग लिअर' यांचा समावेश आहे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'मांगा शेक्सपिअर' ही मालिका सुरू झाली. तिच्यातील 'रोमिओ अँड ज्युलिएट' आधुनिक टोकियोत घडते. फुग्यांतील शब्द मात्र मूळ नाटकातूनच निवडून घेतलेले आहेत. स्थळ बदलायचे आणि भाषा राखायची, ही या मालिकेची पद्धत 'अमर चित्र कथे'च्या नेमकी उलट आहे.

दुसरा प्रकार पात्र किंवा रचना उसनी घेण्याचा आहे. तेझुका यांच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या यंत्रबालकाच्या मालिकेत 'रोबिओ आणि रोबिएट' (१९६५) ही परस्परांचे वैरी असलेल्या निर्मात्यांच्या दोन यंत्रमानवांची प्रेमकथा आहे. त्यांच्या 'बॅम्पाया' या मांगातील महत्त्वाकांक्षी खलनायकाचे नाव माकुबे रोकुरो आहे. मॅक्बेथ या नावाचे हे जपानी रूप आहे. हॅम्लेटचा चंद्रसेन करणाऱ्या मराठी रूपांतरकारांच्या रीतीची येथे आठवण होते. आया कान्नो यांच्या 'बारा ओ नो सोरेत्सु' (२०१३–२०२२) या मांगाला 'सहावा हेन्री' आणि 'तिसरा रिचर्ड' या नाटकांचा आधार आहे. 'झेत्सुएन नो टेम्पेस्ट' (२००९–२०१३) या मांगातील पात्रे 'टेम्पेस्ट' आणि 'हॅम्लेट' यांतील वचने आपल्या बोलण्यात वापरतात. नाटक आठवत असेल तर या संदर्भांचा अर्थ अधिक खोल होतो; आठवत नसेल तर वाचक मूळ नाटकाकडे वळण्याची शक्यता निर्माण होते.

तिसरा प्रकार प्रयोगालाच विषय करण्याचा आहे. तेझुका यांच्या 'नानाइरो इन्को' (१९८१–१९८२) या मांगाचा नायक ऐनवेळी कोणाचीही भूमिका करू शकणारा बदली नट आणि त्याच वेळी चोरही आहे. त्यातील प्रकरणांना प्रसिद्ध नाटकांची नावे असून पहिले प्रकरण 'हॅम्लेट' हे आहे. सुझुए मिउची यांच्या १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'गारासु नो कामेन' अर्थात 'काचेचा मुखवटा' या मांगाची नायिका माया कितजिमा ही गरीब घरातील, अभिनयाचे वेड असलेली मुलगी आहे. ती शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील पकची आणि 'द मिरॅकल वर्कर'मधील हेलन केलरची भूमिका करते. भूमिका पाठ करणे, पात्राचे चालणे-बोलणे शोधणे आणि सहनटाशी जुळवून घेणे यांचे तपशीलवार चित्रण या मांगात आहे. त्यातील 'कुरेनाइ तेन्न्यो' हे काल्पनिक नाटक २००६ मध्ये प्रत्यक्ष नो नाटक म्हणून सादर झाले. नाटकातून चित्रकथा जन्मण्याच्या नेहमीच्या क्रमाचा हा उलटा प्रवास होय.

जपानी पारंपरिक नाटकांचा परिचयही शाळेपासून होतो. 'काकी यामाबुशी' हे झाडावरची फळे चोरताना पकडल्या गेलेल्या साधूचे प्रहसन शालेय पाठ्यपुस्तकात येते. मालक जाणूनबुजून 'हा तर कावळा', 'हे तर माकड' असे म्हणतो आणि साधूला त्या त्या प्राण्याचे सोंग करावे लागते. नो नटाच्या जीवनावरील मिनाको नारिता यांचा 'हाना योरी मो हाना नो गोतोकु' हा मांगा याच परंपरेशी वाचकांची ओळख वाढवतो.

मराठीतील समांतर उदाहरण

नटाच्या तोंडून अभिजात नाटकांचे संदर्भ आणण्याची रीत मराठीत चित्रकथेपेक्षा रंगभूमीवर अधिक ठळकपणे दिसते. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. त्यात गणपतराव बेलवलकर यांची भूमिका श्रीराम लागू यांनी केली होती. मुलांनी दुरावलेल्या या वृद्ध नटाच्या कथेत 'किंग लिअर'ची छाया आहे आणि त्याच्या बोलण्यात त्याने एकेकाळी केलेल्या भूमिका पुन्हा पुन्हा डोकावतात. शिरवाडकरांनी त्यापूर्वी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' (१९५४) लिहिले होते. 'नटसम्राट' या नाटकासाठी त्यांना १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'नटसम्राट' आणि 'काचेचा मुखवटा' ही समकालीन उदाहरणे आहेत. एकाचा नायक आयुष्याच्या अखेरीस आहे, दुसऱ्याची नायिका आरंभी आहे; दोघांनाही जगण्याची भाषा भूमिकांतून सापडते. मात्र 'नटसम्राट' प्रौढ प्रेक्षकांसमोर आले, तर 'काचेचा मुखवटा' शाळकरी मुलींच्या नियतकालिकातून वाचकांपर्यंत गेला. नाटक करण्यातील कष्ट व आनंद बालवाचकापर्यंत पोहोचवण्याचे काम तेथे चित्रकथेने केले.

अध्यापनातील उपयोग आणि मर्यादा

कथानकाचा ओघ, स्थळ, वेशभूषा आणि पात्रांचे परस्परसंबंध समजण्यासाठी चित्रकथा उपयुक्त ठरते. विशेषतः संस्कृत पाठातील एखादाच अंक अभ्यासाला असताना संपूर्ण नाटकाची रूपरेषा तिच्यामुळे लवकर लक्षात येते. ज्या गावांत नाटकाचे प्रयोग होत नाहीत, तेथील विद्यार्थ्यासाठी 'शाकुंतल' किंवा 'मृच्छकटिक' यांची पहिली ओळख चित्रकथेतून होणे स्वाभाविक आहे.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. चित्रकथा वाचणे हा नाटक वाचण्याचा पर्याय नाही. काय घडले हे चित्रकथा सांगते. ते कोणत्या शब्दांत घडले, कोणाला ठाऊक होते आणि कोणाला नव्हते, हे नाटकच सांगते. एखाद्या अंकाचे मूळ संवाद आणि त्याच प्रसंगाच्या चौकटी शेजारी ठेवून काय गळले व काय वाढले याची नोंद केली, तर दोन्ही माध्यमांची वैशिष्ट्ये उघड होतात. 'शाकुंतला'चा पाचवा अंक, त्याचे महाभारतातील मूळ आणि त्याची चित्रकथा यांची अशी तुलना केल्यास राजसभेत उभी असलेली शकुंतला तीन वेगळ्या रूपांत दिसते : वाद घालणारी, नाकारली गेल्यावर संतापणारी आणि चित्रात स्तब्ध झालेली. यांपैकी पहिल्या दोघींचा आवाज ऐकण्यासाठी मूळ ग्रंथांकडे आणि प्रयोगाकडेच जावे लागते.